बघणारे गेले कुठे? फॉलोअर सहा हजार, लाइक शंभर

सहापायी

नमस्कार मंडळी. विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज विचारतेच.

मी किड्यांचे फोटो काढते. चतुर, टाचण्या, नाकतोडे, मुंग्या, आणि किडा नसला तरी सगळ्यात लाडका तो उड्या मारणारा कोळी. इन्स्टाग्रामवर २०१६ पासून आहे. २०१९ मध्ये अशाच एका कोळ्याचा समोरून फोटो टाकला होता. चार डोळे एका रांगेत, मधले दोन मोठे, आणि त्या दोघांतही खिडकीचं लहानसं चौकोनी प्रतिबिंब. त्याला ५४० लाइक आणि ३० कमेंट आल्या. तेव्हा फॉलोअर होते ४,१००.

गेल्या महिन्यात पुन्हा तशाच कोळ्याचे फोटो टाकले. लेन्स चांगली, उजेड चांगला, सात फोटोंचं कॅरोसेल (एकाच पोस्टमध्ये, सरकवत बघायचे फोटो), आणि पहिल्याच फोटोत डोळ्यांभोवतीचा एकेक केस मोजता येईल इतकं स्पष्ट. लाइक ९५, कमेंट ६. फॉलोअर आता ६,२४०. म्हणजे तेव्हा शंभरातले जवळजवळ १४ जण काहीतरी प्रतिक्रिया द्यायचे, आता दोनसुद्धा नाहीत.

दुसरं कोडं. चतुर कात टाकून बाहेर येतो त्याचं दोन तासांचं चित्रण ३८ सेकंदांत बसवून एक रील केलं. त्याला ४१,००० व्ह्यूज. आनंद झाला, पण त्यातून नवे फॉलोअर आले साठेक, आणि पुढच्या फोटोला पुन्हा तेच शंभर लाइक.

मला लाइक मोजत बसायची हौस नाही. पण पहाटे साडेचारला उठून तळ्याच्या काठी पोटावर पडून राहिल्यावर जे हाती लागतं ते कुणापर्यंत पोचतंय का, एवढं तरी कळायला हवं ना. लोक किड्यांना कंटाळले? फोटोंना कंटाळले? की माझ्याच मांडणीत काही चुकतंय? हॅशटॅग अजून मावतील तेवढे टाकते, पूर्वीसारखेच. नवं खातं उघडावं का, इथपर्यंत विचार गेला आहे.

रीळवाला

फोटोंचे दिवस सरले ताई. हे मी मनापासून सांगतोय, मीही आधी फोटोच टाकायचो. आता रोज एक रील, सात ते पंधरा सेकंदांचं, चालू असलेल्या ऑडिओवर. तुमच्या रीलला ४१,००० आले यातच उत्तर आहे. आणि एकदा शॅडोबॅन झालाय का, म्हणजे न सांगता तुमच्या पोस्ट दडपल्या जातायत का, तेही बघून घ्या. नवं खातं उघडू नका, नऊ वर्षांचं काम तिथे आहे.

ठिपकेजोड

सहापायी, तुमचे फोटो मी पाहिले आहेत, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. मी चार-पाच ओळखीच्यांच्या खात्यांचे आकडे दर रविवारी वहीत उतरवतो. एक मातीची भांडी करणारी मैत्रीण, एक सतार शिकवणारे काका, एक चुलतभाऊ जो जुनी घड्याळं दुरुस्त करतो. तीन वर्षं हे करतोय, आणि तुमचा प्रश्न त्या सगळ्यांनी कधी ना कधी विचारलेला आहे.

आधी तुमच्या टक्केवारीबद्दल. अंश अपुरा आहे, छेद चुकीचा आहे. ९५ आणि ६ मिळून १०१, त्याला ६,२४० ने भागलं की १.६ टक्के येतात. पण ती पोस्ट ६,२४० जणांसमोर गेलीच नव्हती. इनसाइट्स (ॲपमधलं आकड्यांचं पान) उघडा, 'अकाउंट्स रीच्ड' म्हणजे किती खात्यांपर्यंत पोचलं हा आकडा बघा, आणि त्याने भागा. शिवाय अंशात सेव्ह आणि शेअर मिळवा. मग जे येईल ते इथे लिहा. मला अंदाज आहे काय येईल, पण तुमच्याकडूनच येऊ दे.

आता हे असं का झालं. २०१६ पर्यंत फीड काळाच्या क्रमाने चालायचं, जे शेवटी टाकलं ते सगळ्यात वर. त्या वर्षी मार्चमध्ये इन्स्टाग्रामने क्रम बदलणार असं जाहीर केलं. कारण असं दिलं की लोकांच्या फीडमधलं सरासरी ७० टक्के त्यांच्या नजरेतून सुटतंच. म्हणजे ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो तेव्हाही बहुतेक फॉलोअर आपल्याला बघत नव्हते. फक्त त्या फीडमध्ये जे कोण दिसायचं ते आपणहून निवडलेलं असायचं, एवढा मोठा फरक.

ऑगस्ट २०२० मध्ये रील्स आली आणि ती चौकट मोडली. जुलै २०२२ मध्ये झुकरबर्गने, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या (मेटा) प्रमुखाने, सांगितलं की इन्स्टाग्रामच्या फीडमधलं १५ टक्क्यांहून थोडं जास्त आता आपण फॉलो न केलेल्या खात्यांकडून, शिफारशीने येतं. एप्रिल २०२४ मध्ये हाच आकडा निम्म्याच्या पुढे गेल्याचं त्यानेच सांगितलं. आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मेटावर मक्तेदारीचा जो खटला चालला त्यात कंपनीने स्वतःच मांडलं की इन्स्टाग्रामवरच्या वेळातला मित्रमंडळींच्या पोस्ट बघण्यात जाणारा वाटा दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ७ वर आला. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. ज्याने २०१७ मध्ये तुम्हाला आवडीने फॉलो केलं तो माणूस ॲप आजही उघडतो, पण त्याच्यासमोर जे येतं त्यातलं अर्ध्याहून जास्त त्याने न निवडलेल्या खात्यांचं असतं. तुमच्या यादीत त्याचं नाव आहे, हजेरी लागेलच असं नाही.

त्यातून नऊ वर्षांची यादी. कुणी ॲप सोडलं, कुणी दुसरं खातं काढलं, कुणाची आवड बदलली. भांड्यांवाल्या मैत्रिणीने तर २०२१ मध्ये एका एजन्सीकडून दोन हजार फॉलोअर घेतले होते. त्यातल्या एकानेही कधी एक भांडं डोळ्यांनी पाहिलं नसेल. छेद फुगला, टक्का पडला, आणि ती वर्षभर आपल्या झिलईतच दोष शोधत बसली. शेवटी आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून ती नावं एकेक करून काढली. तुम्ही असलं काही केलेलं नाही हे उघड आहे, पण फुगलेल्या छेदाने चांगल्या कारागिराचा हात कसा डगमगतो ते मी जवळून पाहिलंय.

दुसरं म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांची तुलना जपून करा. ऑगस्ट २०२४ पासून सगळीकडे 'व्ह्यूज' हा मुख्य आकडा झाला, फोटो असो, स्टोरी असो वा रील. व्ह्यू म्हणजे ते किती वेळा पडद्यावर आलं किंवा सुरू झालं. एकाच माणसाने चारदा पाहिलं तर चार. रीच म्हणजे वेगवेगळी खाती किती. तुमच्या रीलचे ४१,००० व्ह्यूज आहेत. माणसं किती ते रीच सांगेल.

रीळवाला, तुमचं अर्धं पटलं. रील अनोळखी माणसापर्यंत पोचवतं यात वाद नाही. पण फोटोंचे दिवस सरले असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये इन्स्टाग्रामचा प्रमुख ॲडम मोसेरीने मान्य केलं होतं की २०२२ मध्ये आम्ही व्हिडिओ गरजेपेक्षा जास्त दाखवले आणि आता तोल सावरतोय. घड्याळवाल्या भावाच्या खात्यावर आजही सगळ्यात जास्त सेव्ह होतात ती कॅरोसेलं. ऑगस्ट २०२४ पासून त्यात वीस फोटो टाकता येतात. आणि कॅरोसेलचा एक गुण असा की पहिला फोटो बघून कुणी न सरकवता पुढे गेलं, तर नंतर तीच पोस्ट दुसऱ्या फोटोपासून त्याच्यासमोर पुन्हा येऊ शकते. म्हणून दुसरा फोटोही पहिल्याइतकाच ताकदीचा हवा.

शॅडोबॅनची भीती तर एका मिनिटात मिटते. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट स्टेटस' बघा. तुमचं लिखाण-चित्रण शिफारशीला पात्र आहे की नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

हॅशटॅग. लोक हॅशटॅग फॉलो करायचे ती सोयच डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. टॅगांत घालवता तो वेळ कॅप्शनच्या पहिल्या ओळीला द्या. शोधणारा माणूस शब्दांनी शोधतो, तर 'उड्या मारणारा कोळी' हे शब्द वाक्यात येऊ द्या.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये मोसेरीने तीन गोष्टी सांगितल्या ज्यांना क्रम लावताना सगळ्यात जास्त वजन असतं: लोक किती वेळ बघतात, बघणाऱ्यांपैकी किती लाइक करतात, आणि बघणाऱ्यांपैकी किती जण ते दुसऱ्याला पाठवतात. त्यातही लाइक हे फॉलोअरांपर्यंत पोचायला थोडं जास्त उपयोगी, पाठवणं हे अनोळखी माणसांपर्यंत पोचायला. तुम्ही आजवर या तिनातलं एकच मोजत आलात. माणसं उघड्यावर कमी बोलायला लागली आहेत, एकमेकांच्या इनबॉक्समध्ये मात्र खूप बोलतात. तिकडे तुमचा कोळी किती फिरला ते बघा.

काठावरची

मी इथे कधी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. सहापायी, तुम्ही ज्यांना शोधताय ना, त्यातली मी एक. तुमचीच नाही, तुमच्यासारख्या बऱ्याच खात्यांची.

मी बघते आणि पुढे जाते. आवडलं नाही म्हणून नव्हे. आवडलं की माझा अंगठा लाइककडे न जाता त्या पाठवायच्या कागदी विमानाकडे जातो, आणि ते माझ्या ताईला जातं. आमच्या दोघींच्या डीएममध्ये गेल्या वर्षभरात बोलणं कमी आणि पाठवलेलं जास्त आहे. ती लांब राहते. सकाळी तिने पाठवलेला एखादा बेडूक दिसला की ती उठली एवढं मला कळतं.

लाइक आणि कमेंट का करत नाही, तेही खरं सांगते. रील्समध्ये मित्रांचा वेगळा टॅब आल्यापासून आपण काय लाइक केलं ते ओळखीच्यांना दिसू शकतं. ते बंद ठेवता येतं म्हणे, पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. आणि कमेंट लिहिली की कुणीतरी अनोळखी येऊन आपल्यालाच शिकवायला लागतं. एका फुलपाखराखाली 'किती सुंदर' लिहिलं होतं, तर खाली तीन जणांची भांडणं लागली की ते पतंग आहे.

फॉलोसुद्धा फारसं करत नाही. आवडतं ते तसंही समोर येत राहतं, मग वेगळं बटण कशाला दाबायचं, असं होऊन जातं. आज तुमच्याकडून कळलं की समोरच्याला ते असं लागतं.

एक सांगू? तुम्ही इथे लिहिलंत ना, पहाटे साडेचार, पोटावर पडून, डोळ्यात खिडकीचा चौकोन, हे कॅप्शनमध्ये का नसतं? मी कॅप्शन वाचणारी आहे. शास्त्रीय नाव आणि खाली टॅगच टॅग असले की वाचायला काही उरत नाही.

सहापायी

काठावरची, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. ताईंना नमस्कार सांगा.

ठिपकेजोड, हे घ्या आकडे, कोळ्याच्या कॅरोसेलचे. रीच १,१५०. लाइक ९५, कमेंट ६, सेव्ह ३८, शेअर ५२. एकूण १९१. १,१५० ने भागलं तर १६.६ टक्के येतात. मी दोनदा भागून पाहिलं. बावन्न वेळा तो कोळी कुणीतरी कुणालातरी पाठवलाय आणि मला एवढे दिवस त्याची गंधवार्ता नव्हती. २०१९ च्या आकड्याशी याची तुलना होणार नाही हे समजलं, कारण तेव्हाचा रीच मी लिहून ठेवलेला नाही. पण कुणीच बघत नाही हे डोक्यातून गेलं.

अकाउंट स्टेटस हिरवा आहे, काही अडलेलं नाही.

आता रील. ४१,००० व्ह्यूज, रीच २९,३००, त्यातले ९६ टक्के फॉलोअर नसलेले. सरासरी बघण्याचा वेळ ९ सेकंद. रील ३८ सेकंदांचं आहे. तो रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कितव्या सेकंदाला शंभरातले किती बघत राहिले तो, पहिल्यांदाच उघडला. रेषा शंभरवरून सुरू होते आणि तिसऱ्या सेकंदाला ४६ वर येऊन आपटते. मग उतरते, पण हळू. विसाव्या सेकंदापासून शेवटपर्यंत जवळजवळ आडवी. हे वाचायचं कसं?

ठिपकेजोड

पहिल्या तीन सेकंदांत पडद्यावर काय आहे?

सहापायी

काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत 'चतुराचा जन्म'. मग चौथ्या सेकंदाला तळं दिसतं, धुकं आहे. पाचव्याला गवताची काडी, तिला चिकटलेली अळी. पाठ फुटते अकराव्या सेकंदाला.

ठिपकेजोड

मग आलेख तुमच्याशी स्पष्ट बोलतोय. निम्म्याहून जास्त माणसं काळी पाटी बघून निघून गेली, चतुर त्यांनी पाहिलाच नाही. त्यांना किडे आवडत नाहीत असा अर्थ काढू नका, त्यांना किडा दिसलाच नाही. आणि जे विसाव्या सेकंदापर्यंत टिकले ते हललेच नाहीत. विसाव्या सेकंदाला काय होतं?

सहापायी

डोकं आणि छाती बाहेर आलेली असतात आणि तो मागे कलतो. उलटा लोंबकळतो, पोटाचं टोक अजून जुन्या कातीत. मग थोडा वेळ काहीच करत नाही, पाय कडक व्हायची वाट बघतो. त्यानंतर एकदम वाकून वर येतो, कातीला पकडतो आणि पोट ओढून काढतो. पंख तेव्हा चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे असतात. मग ते भरत जातात.

ठिपकेजोड

हे आत्ता जसं लिहिलंत ना, तसंच्या तसं आवाजात रेकॉर्ड करा. चालू ऑडिओ नको. रीळवाल्यांच्या खात्याला तो शोभत असेल, इथे माणसाचा आवाज हवा. पाठ फुटते ते दृश्य पहिल्या सेकंदाला आणा. पाटी काढा, तळं आणि धुकं शेवटी न्या, ज्याला थांबायचंय तो ते बघेल. आणि थेट टाकू नका, 'ट्रायल रील' म्हणून टाका. डिसेंबर २०२४ मध्ये ही सोय आली. आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवतात, तुमच्या प्रोफाइलच्या ग्रिडवर दिसत नाही. चाललं तर सगळ्यांसाठी खुलं करायचं, नाही चाललं तर कुणाला कळत नाही.

साठच फॉलोअर का आले हेही यातच आहे. २९,३०० मधल्या बहुतेकांना हे रील कुणाचं, ही बाई आणखी काय करते, हे कळायला जागाच नव्हती. तुमचा आवाज नाही, नाव नाही, पुढे काय बघायला मिळेल त्याचा धागा नाही. ज्यांना आवडलं त्यांनी चतुर पाहिला आणि पुढे गेले.

रीळवाला

ऑडिओचं मान्य. माझ्या खात्यावर मी नाचाचे सराव टाकतो, तिथे गाणंच लागतं. इथे आवाजच हवा, हे वाचताना मलाही जाणवलं. पण रोज टाका हे मात्र मी अजून म्हणेन.

सहापायी

रोज जमणार नाही. चतुर रोज कात टाकत नाहीत, आणि मला नोकरी आहे.

सहापायी

अकरा दिवसांनी लिहितेय, धागा वर आणल्याबद्दल माफ करा. सांगितल्याप्रमाणे केलं. पाठ फुटते तिथून सुरुवात, लांबी २६ सेकंद, माझा आवाज. आवाज सहा वेळा रेकॉर्ड केला कारण खिडकीबाहेर बुलबुल गप्प बसेना, शेवटी सातव्यात त्यालाही राहू दिलं. ट्रायल म्हणून टाकलं, तीन दिवसांनी खुलं केलं.

व्ह्यूज पहिल्यापेक्षा कमी आहेत, १८,६००. तिसऱ्या सेकंदाला रेषा ७१ वर. सरासरी वेळ १७ सेकंद. शेअर ६४०. जुन्या रीलचे शेअर मागे जाऊन पाहिले, ते २९० होते. नवे फॉलोअर २१०. जे आले त्यातले काही जण मागे जाऊन २०१९ चा कोळी बघून आले आहेत, त्याच्याखाली नव्या कमेंट आहेत.

हॅशटॅग तीनच ठेवले. कॅप्शनमध्ये साडेचारची वेळ, धुकं, भिजलेली चटई, सगळं लिहिलं.

काठावरची, एक मेसेज आलाय तो तुमच्यासाठी इथे सांगते. लिहिणाऱ्याला हे रील त्याच्या भावाने पाठवलं. त्याने विचारलंय, पंख पूर्ण भरायला खरा वेळ किती लागतो, कारण तो आणि त्याची मुलगी यावर पैज लावून बसलेत. ती म्हणते दहा मिनिटं, तो म्हणतो दिवसभर. मी मूळ चित्रण काढून वेळ मोजली. त्या सकाळी पाठ फुटल्यापासून पंख ताणले जाईपर्यंत पन्नास मिनिटं गेली होती, आणि उडायच्या आधी अजून तासाभराहून जास्त वेळ तो तसाच काडीवर बसून होता. दर पाच मिनिटांची एक चौकट काढून बारा फोटोंचं कॅरोसेल करतेय, दुसऱ्या फोटोत उलटा लोंबकळणारा. रविवारी टाकेन.